डब्यावरचं फडकं

खारूचा मासा माझ्या टाकीत सोडला आणि रिकामी पिशवी अजून तिच्या हातात असतानाच हेडबाईनं त्याच्या शेपटीचा लचका तोडला.

लचका नखाएवढाही नव्हता. पण शेपटीच्या पातळ पडद्याला पडलेली खाच समोरून स्पष्ट दिसत होती, आणि खारू समोरच उभी होती.

"काढा त्याला," ती म्हणाली. "आत्ताच्या आत्ता काढा."

काढणं अवघड गेलं नाही. बटण, म्हणजे तिचा तो मासा, हीटरच्या मागे अंग चोरून बसलं होतं. मी जाळं खाली धरलं, तसं ते आपणहून आत आलं. हेडबाई जाळ्यापर्यंत धावून आली, माझ्या बोटाला चावली आणि आपल्या कोपऱ्यातल्या फुटक्या कुंडीत जाऊन तोंड बाहेर काढून बसली.

हेडबाई ही माझी क्लाउनफिश. नारिंगी अंग, त्यावर तीन पांढरे पट्टे, आणि आकार माझ्या मधल्या बोटाएवढा. पाणी तपासायच्या प्रयोगशाळेत मला नोकरी लागली तेव्हा मी तिला आणलं होतं. टाकी साफ करायला हात घातला की ती बोटं चावायची, म्हणून माझ्या एका सहकारिणीनं तिचं नाव ठेवलं. नखं तपासणाऱ्या मुख्याध्यापिकेसारखी आहे म्हणाली. तेव्हापासून भाड्याच्या खोल्या बदलल्या, माणसं आली-गेली, हेडबाई राहिली. लग्नानंतर या घरात मी माझ्याबरोबर आणलेली मोठी वस्तू म्हणजे ती टाकीच.

खारू माझ्या नवऱ्याची मुलगी. लहानपणी खारीसारखी तुरूतुरू पळायची म्हणून हे नाव पडलं. तिची आई गेल्यापासून ती शहराच्या दुसऱ्या टोकाला मावशीकडे राहत होती. आता शाळेच्या सुट्टीपुरती आमच्याकडे आली होती, आणि सुट्टी संपली की पुढे इथे राहायचं की मावशीकडे ते तिनं सांगायचं होतं. नवरा, खारू आणि मावशी या तिघांचं हे आधीच ठरलेलं होतं. नवऱ्यानं लग्नाआधी मला ते स्वच्छ सांगितलं होतं. "तिच्यावर काही लादायचं नाही. नाही म्हणाली तर नाही." तो लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टमध्ये किती माणसं मावतील हे सांगावं इतक्या सरळपणे तो हे बोलला होता. पण ती आल्यापासून तो कामावरून घरी आला की स्वतःचे बूट काढायच्या आधी दाराजवळ तिच्या चपला आहेत का ते बघायचा.

बटण तिच्या आईच्या टाकीतलं. दोन होते, एक मेला, हा उरला. वयानं लहान, अंगठ्याच्या पेराएवढा. तो नरच होता, पण खारू त्याला 'ते' म्हणायची, म्हणून आम्हीही तेच म्हणायला लागलो. त्याची स्वतःची टाकीही बरोबर येणार होती. ती नवऱ्यानं स्वतः उचलून आणली आणि आमच्याच दाराच्या चौकटीला आपटली. एक काच खालपासून वरपर्यंत तडकली.

"जन्मभर लोकांना सुखरूप वर-खाली नेलं," तो तोंड पाडून म्हणाला, "आणि घरच्या टाकीला एक चौकट ओलांडता आली नाही."

म्हणून बटणाला माझ्या टाकीत राहणं भाग होतं.

त्या दिवशी जेवताना मी दोघांना समजावून सांगितलं. "हे मासे सगळे नर म्हणूनच जन्मतात. एका जागी राहणाऱ्यांत जो सगळ्यात मोठा असतो तो पुढे मादी होतो. त्याच्या खालचा तिचा नर. बाकीच्यांना ती वाढूच देत नाही."

"आमच्या कंपनीत असंच आहे," नवरा म्हणाला.

खारूच्या तोंडाचा कोपरा हलला. पण ती माझ्याकडे बघून म्हणाली, "मग ते कायमच मार खाणार का?"

"नाही. लहान मासा मोठ्यासमोर आडवा होतो आणि थरथरतो. मी लहान आहे, मला तुझी जागा नको, असं सांगायची त्याची ती पद्धत. एकदा ते नीट झालं की मोठा चावायचा थांबतो. फक्त तोपर्यंत दोघांच्या मध्ये काहीतरी हवं."

ते काहीतरी म्हणजे भोकं पाडलेला पारदर्शक डबा. तो टाकीच्या आतून काठाला अडकवायचा. पाणी तेच, पण चावता येत नाही. दोघं दिवसभर एकमेकांना बघतात, मोठा भिंतीवर धडका मारून दमतो, लहानाला आपली पायरी कळते, आणि मग डबा उघडायचा. मी बटणाला डब्यात सोडलं.

दुसऱ्या दिवसापासून टकटक सुरू झाली. हेडबाई कुंडीतून सुटायची, डब्याच्या भिंतीवर तोंड आपटायची, मागे फिरायची, पुन्हा यायची. बटण डब्याच्या दूरच्या कोपऱ्यात थिजून राहायचं. टाकी बैठकीच्या खोलीत होती आणि खारूची खोली भिंतीपलीकडे. तिला तो आवाज ऐकू येत असणार. मला तर कामावरही यायला लागला होता.

तिसऱ्या दिवशी मी भाजी निवडत असताना ती स्वयंपाकघराच्या दारात येऊन उभी राहिली.

"ती दिवसभर त्याला मारतेय."

"त्याला लागत नाही. मध्ये भिंत आहे."

"लागत नाही. पण दिसतं ना त्याला."

मी भाजीची पुढची जुडी ओढली.

"डब्यावर फडकं टाकलं तर चालेल का?" तिनं विचारलं.

आल्यापासून तिनं माझ्याकडे काही मागितलं नव्हतं. पाणीसुद्धा स्वतः घ्यायची. मला ती कुठल्याच नावानं हाक मारत नव्हती. बोलायचं असलं की समोर येऊन उभी राहायची आणि मी बघेपर्यंत थांबायची. फडकं टाकणं चूक होतं. मोठा मासा समोर दिसत राहतो म्हणून तर लहान लहान राहतो. तो दिसायचा बंद झाला तर लहानाच्या हिशेबी टाकीत सगळ्यात मोठं कुणी उरतच नाही, तो स्वतः सोडून. हे मला माहीत होतं.

"टाक," मी म्हणाले.

तिनं माझ्याच कपाटातलं निळं फडकं घेतलं, दुहेरी घडी घातली आणि डब्याच्या तिन्ही बाजूंनी पाण्यात सोडून वरून क्लिपा लावल्या. हेडबाई दोनदा येऊन बघून गेली. टकटक थांबली.

पुढचे आठवडे घर फार चांगलं होतं. खारू टाकीसमोर स्टूल टाकून बसायची आणि फडक्याचा वरचा कोपरा उचलून बटणाला खाऊ घालायची. सकाळी, दुपारी, शाळेच्या मैत्रिणीशी फोनवर बोलता बोलता मध्येच. आजारी माणसाला भरवावं तसं. मी एकदा म्हणाले, "थोडं कमी घाल," तर ती म्हणाली, "त्याची शेपटी भरून यायला नको का?" आणि शेपटी खरोखरच भरून आली. समुद्राचं पाणी घरी कसं बनवतात ते तिनं विचारलं. आम्ही दोघी बादलीत मीठ विरघळवायला लागलो. क्षारता मोजायची नळी उजेडाकडे धरून ती आकडा वाचायची आणि मी पडताळायचे. तिचा आकडा नेहमी बरोबर असायचा.

"आता कुणी कुणाला पाण्यात बघत नाही वाटतं," नवरा म्हणाला.

"बाबा, हा विनोद तू कालही केलास."

"काल तू हसली नव्हतीस."

आता तो घरी आल्यावर सरळ बूट काढायचा.

बटण वाढत होतं. फडक्याचा कोपरा उचलला जाई तेव्हा मला ते दिसे. अंगठ्याच्या पेराएवढं होतं, ते माझ्या करंगळीएवढं झालं. नुसतं लांब नाही, रुंदही. डब्यात ते आता कोपऱ्यात बसत नव्हतं, या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत फेऱ्या मारत होतं. प्रयोगशाळेत नमुन्यात असं काही दिसलं तर मी अहवाल तासभरही अडवून ठेवत नाही. इथे मी रोज उद्यावर ढकलत होते. खारू मीठ ढवळताना गुणगुणायची, आणि मी तिच्या हातात नळी द्यायचे.

सुट्टीचा शेवट दिसायला लागला तेव्हा मावशीचा फोन आला. रविवारी येते म्हणाली, मुलीचा निर्णय ऐकायला, आणि न्यायची असेल तर न्यायला. दुसऱ्या दिवशी सकाळी मी खारूला म्हणाले, "आता फडकं काढून बघू या."

तिनं क्लिपा सोडल्या. फडकं ओलं होऊन डब्याला चिकटलं होतं, ते अलगद सुटलं. हेडबाई कुंडीतून निघाली आणि सरळ डब्यावर आली. मी बटणाकडे बघत होते. आडवं हो, मी मनात म्हणत होते, आडवं हो.

बटणानं आतून त्याच जागी धडक मारली. दोघांची तोंडं एकाच भिंतीला दोन बाजूंनी चिकटली. मग पुन्हा. आणि पुन्हा.

"बघा," खारूचा आवाज आनंदानं चिरकला. "घाबरत नाही आता. बघा कसं उत्तर देतंय."

"हो," मी म्हणाले. "पण डबा इतक्यात उघडायला नको. थोडे दिवस थांबू."

"का?"

"थोडे दिवस," मी म्हणाले आणि कामावर गेले. तेवढंच सांगून गेले. बाकीचं सांगायला मला जिन्यावरून परत यावं लागलं असतं. मी आले नाही.

दुपारी मी लवकर निघाले. दिवसभर कशातच लक्ष लागत नव्हतं. दार उघडलं तर खारू टाकीसमोर उभी, दोन्ही हात कोपरापर्यंत ओले, आणि जमिनीवर रिकामा डबा.

"मी उघडला," ती म्हणाली. "मला वाटलं त्याला जमेल. त्याला जमत होतं."

टाकीच्या मधोमध हेडबाई आणि बटण एकमेकांच्या तोंडात तोंड अडकवून गरगर फिरत होते. भांडताना मासे पळतात, हे दोघं पळत नव्हते. पंपाच्या झोतानं ते काचेवर आदळले, तरी सुटले नाहीत. बटणाच्या एका बाजूचा पंख चिंध्या होऊन लोंबत होता. हेडबाईच्या एका डोळ्यावर पांढुरकी साय आली होती. तळाची वाळू ढवळून पाणी गढूळ झालं होतं.

"पंप बंद कर," मी म्हणाले. "दिवाही."

तिनं दोन्ही स्विच बंद केले. मी पर्स खाली टाकली आणि मोठं जाळं घेतलं. पहिल्यांदा ते दोघं जाळ्याखालून निसटले. दुसऱ्यांदा खडकाला अडकले. तिसऱ्यांदा मी दोघांना एकत्रच उचललं. पाण्याबाहेर येताच त्यांची तोंडं सुटली. मी बटणाला डब्यात टाकलं. हेडबाईला मीठ कालवायच्या बादलीत. बादलीत पाणी होतंच, खारूच्या तडकलेल्या टाकीचा हीटर आणि हवेचा छोटा पंप आम्ही त्यात लावला. 

मग बादलीशेजारी जमिनीवर बसून मी तिला सांगितलं. फडक्याआड बटणाला वाटलं की आपल्यावर कुणी नाही. त्यात पोटभर खाणं. अशा वेळी त्यांची वागणूक आधी बदलते आणि शरीर नंतर. आता त्यालाही हेडबाईची जागा हवी आहे, आणि जागा एकच आहे. ती न सोडणारे दोघं एका टाकीत राहिले तर त्यातला एकच जगतो.

तिनं शेवटपर्यंत ऐकून घेतलं.

"हे तुम्हाला कधी कळलं?"

"तू फडकं मागितलंस तेव्हाच."

"मग टाक का म्हणालात?"

"तू नाराज होऊ नयेस म्हणून."

ती उठून खोलीत गेली. दार आपटलं नाही, नुसतं लावलं. आपटलं असतं तर बरं झालं असतं.

संध्याकाळी नवऱ्यानं टाकीवाल्याला फोन लावला. हा माणूस आम्हाला मीठ आणि माशांचं खाणं पुरवतो. फोन स्पीकरवर होता.

"मॅडम, दोन माद्या झाल्या की विषय संपला," टाकीवाला म्हणाला. "एक मला आणून द्या. कुठलीही. मी तिचं बघतो."

खारू खोलीच्या दारात येऊन उभी होती.

"तुमची द्या," ती मला म्हणाली. "चावायला तिनंच सुरुवात केली होती. बटण माझ्या आईचं आहे."

नवरा फोन हातात धरून माझ्याकडे बघत राहिला. त्याच्या डोळ्यांत जे होतं ते मी चांगलं ओळखत होते. मी नुसती मान डोलावली असती तरी पुरलं असतं. रविवार गोडीत गेला असता.

"नाही," मी म्हणाले. "हेडबाई मी देणार नाही. आणि बटणही द्यायचं नाही. त्याचं शरीर अजून बदललं नसेल तर एक उपाय आहे. पण तो तुला आवडणार नाही."

"कुठला?"

"जो पहिल्या दिवशी करायला हवा होता. फडकं नाही. ती धडका मारणार आणि त्याला ते दिसणार. खाणं दिवसातून एकदा, चिमूटभर. टाकीतले सगळे खडक हलवायचे, तिची कुंडी बाहेर काढायची, म्हणजे तिलाही आपली म्हणावी अशी जागा राहणार नाही. आणि दिवसभर कुणीतरी समोर बसून बघायचं."

"आणि तरी नाही जमलं तर?"

"तर तुझं बटण तुझ्याबरोबर जाईल. तू जाशील तिथे."

ती आत गेली. नवरा माझ्या मागोमाग स्वयंपाकघरात आला आणि हळूच म्हणाला, "एक मासा आहे गं. देऊन टाक ना. रविवारी मावशी येतेय."

"एकदा दिलं मी तिला हवं ते. त्याचं हे झालं."

तो ओट्याला टेकून उभा राहिला. मग त्यानं माझ्या हातातली सुरी घेतली आणि कांदा चिरायला लागला. फोडी फार मोठ्या झाल्या, पण मी त्या तशाच फोडणीत टाकल्या.

सकाळी मी उठले तेव्हा टाकीतले अर्धे खडक बाहेर काढून परातीत ठेवलेले होते. खारूनं बाह्या वर केल्या होत्या.

"डबा मी लावणार," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "कुठे लावायचा ते सांगा."

खडक आम्ही नव्यानं रचले. मग हेडबाईला टाकीत सोडलं. तिचा साय आलेला डोळा जरा बरा दिसत होता. ती कुंडीच्या जागी गेली, तिथे कुंडी नव्हती. पुन्हा गेली. मग टाकीभर वरून, खालून हिंडली. बटणाचा डबा तिला बराच वेळ दिसलाच नाही. दिसला तेव्हा टकटक सुरू झाली.

खारू स्टुलावर बसली. बसूनच राहिली. संध्याकाळी मी आले की ती बघितलेलं सांगायची, टाकीवरची नजर न काढता, तुटक.

"सकाळी खूप वेळा. दुपारी कमी."

"बटण?"

"सकाळी उलट मारत होतं. दुपारी नाही."

दुसऱ्या दिवशी म्हणाली, "आज मागे सरकलं. ती आली की मागे सरकतं."

त्याच्या पुढच्या दिवशी मी जिना चढत असतानाच तिनं दार उघडलं. "आडवं झालं. एकदाच. मला वाटलं मेलं."

"थरथरत होतं?"

"हो. असं." तिनं हाताचा पंजा आडवा धरला आणि तो भराभर हलवून दाखवला. "मला बघवलं नाही. पण बघितलं."

"मग?"

"मग ती गेली निघून."

मी पर्स ठेवली आणि डब्याजवळ वाकले. बटणाचा फाटलेला पंख काठाशी जुळायला लागला होता. हेडबाई आली, डब्याशी थांबली आणि धडक न मारता वळली. एवढ्यावरून काही सिद्ध होत नव्हतं.

"उघडायचं?" खारूनं विचारलं.

"घाई होईल."

"रविवारी मावशी येणार. मी गेले तर त्याला न्यायला लागेल. म्हणजे त्याच्या आधी कळायला हवं." तिनं स्टूल टाकीजवळ ओढलं. "मी समोर नसताना मात्र उघडू नका."

"नाही उघडणार."

रविवारी सकाळी उघडायचं ठरलं. मावशी जेवायच्या वेळेला येणार होती. ती आली नाश्त्याच्या वेळेला. मावशी शिवणाचे वर्ग चालवते, आणि कापड असो की माणूस, नजरेनं मोजल्याशिवाय बसत नाही. ती दारातून आत आली तेव्हा मी डब्याचं झाकण काढत होते, खारू हातात जाळं घेऊन शेजारी उभी होती आणि नवरा काही काम नसताना टॉवेल धरून उभा होता.

"काय भाऊजी," मावशी म्हणाली, "पोरीला माशांची आया केलीत की काय?"

"शू," खारू म्हणाली. "मावशी, बोलू नकोस."

मावशीनं आवाज खाली आणला. "अगं, तुला सांगायला आले, मी नवी टाकी घेतलीय. छान, काचेच्या झाकणाची. दुकानदारानं खारं पाणीसुद्धा भरून दिलंय. तुझ्या बटणाला एकट्याला. कुणी चावणारं नाही तिथे."

खारूनं मान वळवून तिच्याकडे बघितलं. नवऱ्यानं टॉवेलची घडी घातली, पुन्हा मोडली.

"एकट्याला?" खारू म्हणाली.

"एकट्याला. राजासारखं राहील."

मी झाकण हातात धरून थांबले. "उघडायचं की नाही ते तू सांग," मी खारूला म्हणाले. "मावशीकडे ते सुखरूप राहील. ते खरं आहे."

तिनं जाळं पाण्यावर धरलं. मग म्हणाली, "उघडा."

मी डबा तिरका केला. बटण बाहेर आलं आणि खडकाच्या आडोशाला तरंगत राहिलं. हेडबाई टाकीच्या दुसऱ्या टोकाला होती. तिला ते दिसलं. ती एका रेषेत आली, इतकी झपकन की मावशीच्या तोंडून 'अगं बाई' निघालं. खारूचा हात जाळ्यासकट मनगटापर्यंत पाण्यात गेला.

बटण पळालं नाही. ते एका कुशीवर कललं, पोट हेडबाईकडे केलं आणि डोक्यापासून शेपटीपर्यंत थरथरायला लागलं. हेडबाई त्याच्या पुढ्यात येऊन थांबली. तिनं त्याच्या पंखाला तोंड लावलं. चावली. खोल नाही, पण चावली. बटण थरथरतच राहिलं.

जाळं दोघांच्या वर होतं. खाली दाबलं की झालं असतं. माझ्या हातात रिकामा डबा होता आणि मी तो घट्ट धरला होता, नाहीतर मीच जाळं घेतलं असतं.

हेडबाई मागे फिरली. थोड्या अंतरावरून पुन्हा आली. बटण पुन्हा आडवं झालं. या वेळी ती त्याच्या अंगावरून नुसती घासून गेली आणि खडकामागे दिसेनाशी झाली.

"घाबरलंय गं ते," मावशी म्हणाली. तिचा आवाज खरोखर हळवा झाला होता. "कसं थरथरतंय बघ. घे त्याला जाळ्यात. चल आपण जाऊ."

खारू माझ्याकडे वळली. "घाबरलंय का ते?"

नाही म्हणणं सोपं होतं. मावशीनं आणि नवऱ्यानंही माझ्याकडे बघितलं.

"मला माहीत नाही," मी म्हणाले. "असं केलं की चावणं कमी होतं, एवढं माहीत आहे. त्याला आतून काय वाटतं ते कुणालाच माहीत नाही. आणि कमी होतं म्हणजे थांबेलच, असंही नाही. काही दिवस बघावं लागेल."

"किती?"

"सांगता येणार नाही."

तिनं मान डोलावली. बटण आता सरळ झालं होतं. काठाकाठानं थोडं पुढे गेलं, थांबलं, वाळूतलं काहीतरी टिपून पुन्हा थुंकलं.

"मावशी," खारू टाकीकडे बघत म्हणाली, "तुझ्या त्या टाकीतलं पाणी इतक्यात काढू नकोस. संध्याकाळी परत चावली तर लागेल."

"म्हणजे घेऊन येतेयस ना त्याला?"

"टाकी लागली तर. आज नाही."

"आणि तू?"

"हे दोघं दिवसभर कामाला जातात," खारू म्हणाली. "शाळा उघडेपर्यंत मी बघीन. शाळा उघडली की दुपारी दोनला इथेच घरी येईन मी, तोपर्यंत डबा लावून ठेवता येईल. इथली बस शाळेपाशीच उतरवते."

मावशीनं नवऱ्याकडे बघितलं. नवऱ्यानं टॉवेलकडे. मग मावशी खुर्ची ओढून टाकीसमोर बसली, पर्स मांडीवर घेतली आणि म्हणाली, "चहा तरी मिळेल का, की तोही दिवसातून एकदाच?"

नवरा जवळजवळ पळतच स्वयंपाकघरात गेला.

खडकामागून हेडबाईचं नारिंगी तोंड बाहेर आलं. बटण जागच्या जागी थांबलं. खारूनं जाळं पाण्याबाहेर काढलं होतं, पण खाली ठेवलं नव्हतं.